बॅटरीवरची बोट स्कीअरला किती वेळ ओढेल?

माझं काम लिथियम-आयन बॅटरीवर आहे हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?" त्याच्या पाठोपाठ हल्ली दुसराही येतो: "गाडी चालते तर बोट का नाही?" मासेमारीची बोट, फेरी, नावेला लावलेली छोटी मोटर या सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. आज मुद्दाम त्यातली सगळ्यात अवघड बोट घेऊ या, वॉटर-स्कीची. ही बोट समजली की बाकीच्या बोटींचं गणित तुम्हाला स्वतःलाच मांडता येईल.

तारकर्लीला किंवा गोव्याला बनाना राइड घेतली असेल तर ओढणारी बोट आणि तिचा दोर तुम्ही पाहिलेला आहे. वॉटर-स्कीमध्ये दोराच्या टोकाला रबरी केळ्याऐवजी पायात फळ्या बांधलेला माणूस असतो. या खेळाची सुरुवात अमेरिकेतली. १९२२ साली मिनेसोटा राज्यातल्या लेक सिटी गावात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने पाइनच्या दोन लांब फळ्या पायाला बांधल्या आणि मिसिसिपी नदीच्या लेक पेपिन या रुंद पात्रात बोटीमागे उभं राहून दाखवलं. आज फळ्या कार्बन फायबरच्या झाल्या आहेत, दोर जवळजवळ न ताणला जाणारा झाला आहे आणि बोट फक्त याच कामासाठी बनवली जाते.

ही बोट वेगळी कशात?

स्पर्धेची स्की-बोट साधारण सहा मीटर लांब असते. इंजिन मागे लटकवलेलं नसतं, ते बोटीच्या मध्यभागी बसवलेलं असतं आणि प्रोपेलर तळाखाली असतो. इंजिन बहुतेक वेळा मोठ्या अमेरिकन ट्रकमध्ये असतं त्याच घराण्यातलं, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. दोर बांधायचा खांबही मध्यावरच असतो. त्यामुळे स्कीअरने बाजूला ओढलं तरी बोटीचं शेपूट फिरत नाही.

स्लालम या प्रकारात बोट २५९ मीटरच्या सरळ मार्गावरून जाते आणि स्कीअरला डाव्या-उजव्या बाजूचे सहा बोये वळसा घालून पार करायचे असतात. प्रत्येक बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर असतो. दोर सुरुवातीला १८.२५ मीटर असतो आणि यशस्वी फेरीनंतर तो टप्प्याटप्प्याने लहान करत जातात. शेवटच्या टप्प्यांत तो ११.५ मीटरपेक्षाही आखूड होतो. म्हणजे दोर बोयापर्यंत पोचतच नाही आणि उरलेलं अंतर स्कीअर आपलं शरीर पाण्यावर आडवं झोकून भरून काढतो. वरच्या गटातल्या पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटर. त्या वेगाने २५९ मीटरला १६.०८ सेकंद लागतात आणि ही वेळ अगदी थोड्या फरकाने पाळावी लागते. म्हणून वेग सांभाळायचं काम चालकाच्या पायावर सोडत नाहीत, जीपीएसवर चालणारी यंत्रणा ते करते.

आता यात बॅटरी बसवायची आहे. आधी ताकद कुठे खर्च होते ते पाहू.

स्कीअरला ओढायला ताकद लागतेच किती?

बोट, चालक आणि मागे बघणारा निरीक्षक मिळून १,८०० किलो धरा. ताशी ५५ किलोमीटर वेगाला ही बोट पाण्यात बुडून न चालता पाण्याच्या पृष्ठभागावर घसरत असते. अशा वेळी पाण्याचा विरोध ढोबळमानाने वजनाच्या सातव्या हिश्श्याइतका असतो, म्हणजे २५० किलो वजन सतत मागे ओढत असल्यासारखा. या वेगाने तेवढा विरोध मोडायला सुमारे ३८ किलोवॅट लागतात. स्कीअरचे सरासरी पाच किलोवॅट त्यात मिळवा. प्रोपेलर जेमतेम ६० टक्के ताकद कामाला लावतो, बाकीची पाणी घुसळण्यात जाते. म्हणजे मोटारीने सत्तरेक किलोवॅट द्यायला हवेत.

ताकदीची ही वाटणी लक्षात घ्या. सगळा खटाटोप स्कीअरसाठी, पण त्याच्या वाट्याला येतो आठ-नऊतला एक हिस्सा. बाकी सगळी ताकद बोट स्वतःलाच ओढायला वापरते.

तुलनेसाठी गाडी घेऊ. इलेक्ट्रिक कार महामार्गावर एका किलोमीटरला साधारण ०.१६ युनिट वीज खाते. (घरच्या बिलातलं युनिट तेच, एक किलोवॅट एक तासभर.) आपली बोट किलोमीटरला १.३ युनिट खाते, म्हणजे आठपट. शिवाय गाडीला उतार मिळतो, बोटीला कधीच मिळत नाही. बोट म्हणजे आयुष्यभर घाट चढणारी गाडी.

"मग ब्रेक लावताना वीज परत मिळवता येईल की!" हा प्रश्न हमखास येतो. करून बघू. ताशी ५५ किलोमीटरने धावणाऱ्या १,८०० किलोच्या बोटीची गतिज ऊर्जा भरते सुमारे ०.०६ युनिट. एक एलईडी दिवा काही तास चालेल, बस. गाडीमध्ये ही युक्ती कामी येते कारण शहरात गाडी शंभर वेळा थांबते आणि रस्ता तिला फारसा अडवत नाही. बोटीची ऊर्जा पाणी आधीच गिळून बसलेलं असतं.

पेट्रोल इतकं जिंकतं कशामुळे?

एक किलो पेट्रोलमध्ये साधारण साडेबारा युनिट ऊर्जा असते. एक किलो बॅटरीमध्ये, म्हणजे सेल, त्यांची पेटी, थंड ठेवायची नळी हे सगळं धरून, सुमारे ०.१५ युनिट. फरक ऐंशीपटीहून जास्त. पण इंजिन त्यातली तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णता म्हणून फेकून देतं, तर मोटर नव्वद टक्के वापरते. हे जमेस धरलं तरी फरक वीसपटीच्या वरच राहतो. बॅटरी कितीही सुधारली तरी हा आकडा दोन-चार वर्षांत पुसला जाणार नाही. आमच्या प्रयोगशाळांमध्ये दहा टक्के सुधारणेवर अख्खे प्रबंध उभे राहतात, तिथे वीसपट म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

इथवर वाचून "मग नकोच" असं वाटत असेल तर थोडं थांबा. किती ताकद लागते एवढंच पाहून निकाल देता येत नाही. ती किती वेळ लागते हेही बघावं लागतं.

स्लालम: थोडा वेळ जोर, मग विश्रांती

एक स्कीअर एका पाळीत साधारण आठ फेऱ्या मारतो. पाण्यातून उभं राहणं, मार्गात शिरणं आणि बाहेर पडणं धरून एका फेरीला पूर्ण जोर लागतो तो चाळीसेक सेकंद. मध्ये बोट थांबते, स्कीअर पाण्यात दम खातो, दोर लहान होतो. आठ फेऱ्यांची बेरीज साडेपाच मिनिटंही होत नाही. सत्तर किलोवॅटच्या हिशेबाने हे झाले सहा युनिट, हळू फिरणं आणि वळणं धरून सात. पाव तासाला एक स्कीअर, म्हणजे तासाला चार. दोन तासांत आठ जणांची पाळी होते आणि खर्च साठेक युनिट.

साठ युनिट हातात मिळायचे तर बॅटरी सत्तर युनिटची हवी, कारण ती शून्यापर्यंत उतरवायची नसते. तिचं वजन सुमारे ४७० किलो, मोटर आणि बाकी सामान शंभर किलो. तिकडे काढून टाकलेलं इंजिन, गिअर आणि भरलेली टाकी मिळून पावणेपाचशे किलोच्या आसपास. म्हणजे बोट साधारण एका माणसाच्या वजनाने जड झाली. स्लालमवाल्यांना तेवढंही खुपतं. जड बोटीमागची लाट मोठी होते आणि त्यांना ती लाट ओलांडून सतत इकडून तिकडे जायचं असतं. पण चालेल-न चालेलच्या सीमेवर आपण पोचलो, हे नक्की.

विश्रांतीचा आणखी एक फायदा आहे. सेलमध्ये तयार होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. चाळीस सेकंद जोर आणि मग दीड-दोन मिनिटं मोकळी, ही चाल सेलला मानवते. सततचा जोर तिला मारतो.

वेक-सर्फिंग: लाटेसाठीच जाळायची ऊर्जा

आता दुसरं टोक. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या सरोवरांवर वेक-सर्फिंग फार वाढलं आहे. यात बोट ताशी १६ ते १८ किलोमीटरने जाते, तिच्यामागे मुद्दाम मोठी लाट उठते आणि सर्फर दोर सोडून देऊन नुसत्या लाटेवर उभा राहतो. वेग स्लालमच्या एक-तृतीयांश. मग ऊर्जाही कमी लागत असेल?

नाही, कारण हाच वेग बोटीला सगळ्यात महाग पडतो. पाण्यातली लाट जितकी लांब, तितकी ती जास्त वेगाने धावते. सहा मीटर लांबीच्या लाटेचा वेग ताशी ११ किलोमीटर. सहा मीटरची बोट याहून वेगाने जायला लागली की तिने उठवलेली लाट तिच्यापेक्षा लांब होते, शेपूट खड्ड्यात बसतं, नाक वर येतं आणि बोट स्वतःच्याच लाटेवर चढत राहते. वेग आणखी बराच वाढवला की ती या चढावरून सुटून पृष्ठभागावर घसरू लागते. सर्फिंगची बोट मात्र मुद्दाम या चढावरच अडकवून ठेवतात. लाट अजून मोठी व्हावी म्हणून टाक्यांमध्ये हजारेक किलो पाणीही भरतात.

माणसं, पाणी सगळं धरून चार टन वजन. विरोध वजनाच्या सहाव्या हिश्श्याइतका धरला तर प्रोपेलरचं नुकसान पकडून मोटारीकडून ५५ ते ६० किलोवॅट लागतात, आणि तेही न थांबता. हा हिशेब खरा उतरतो का? फ्लोरिडातल्या नॉटिक कंपनीने २०२० च्या सुमारास जीएस२२ई ही इलेक्ट्रिक बोट बाजारात आणली. तिची बॅटरी १२४ युनिटची, म्हणजे मोठ्या इलेक्ट्रिक गाडीपेक्षाही जास्त, आणि कंपनीच्याच म्हणण्यानुसार ती दोन ते तीन तास चालते. आपलं पाटीवरचं गणित याच घरात येतं.

एक गंमत अशी, की इथे बॅटरीचं वजन ओझं होत नाही. १२४ युनिटची बॅटरी आठशे किलोच्या आसपास भरेल. सर्फिंगच्या बोटीत तेवढं वजन तसंही मुद्दाम भरायचंच होतं! म्हणजे स्लालमला बॅटरीची क्षमता पुरते पण वजन खुपतं, आणि सर्फिंगला वजन चालतं पण क्षमता पुरत नाही.

विजेने खरोखर काय सुधारतं?

तीन गोष्टी.

पहिली, ओढ. स्कीअर बोया सोडून परत मध्याकडे झेपावतो तेव्हा दोरावरचा ताण क्षणभर त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त होतो. बोट मंदावायला लागते आणि वेग टिकवायला जोर लगेच वाढवावा लागतो. पेट्रोल इंजिनात हवा आत येणं, इंधन जळणं या पायऱ्या आहेत. मोटारीला प्रवाह बदलला की झालं, तिचा प्रतिसाद मिलिसेकंदांत येतो. शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर मिळतो, त्यामुळे खोल पाण्यातून उभं राहतानाही फायदा.

दुसरी, धूर. वेक-सर्फर बोटीच्या शेपटापासून दोन-तीन मीटरवर असतो आणि पेट्रोल इंजिनाचा धूर तिथेच पाण्यालगत साठतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वासही नाही आणि रंगही नाही. बोटीच्या मागच्या फळीवर बसून किंवा तिला धरून जाताना या वायूने माणसं मेलेली आहेत. अमेरिकेचं तटरक्षक दल त्याबद्दल वारंवार इशारे देतं. मागच्या फळीवर मुलं बसलेली असतात हे लक्षात घेतलं, तर माझ्या मते इलेक्ट्रिक बोटीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच.

तिसरी, आवाज आणि तेल. जर्मनीतल्या क्योनिगझे या डोंगरातल्या तळ्यावर प्रवासी बोटी १९०९ पासून विजेवर चालतात. बॅटरी तेव्हा आजच्यासारखी नव्हती, पण या बोटी संथ जातात. संथ, लांबट बोटीला लागणारी ताकद इतकी कमी असते की शंभर वर्षांपूर्वीही ते जमलं. वेग मागितला की मात्र गणित फिरतं.

एक गोष्ट विजेने सुधारत नाही, ती म्हणजे लाट. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये सरोवरावर प्रत्यक्ष मोजमाप करून अहवाल काढला. साधी बोट किनाऱ्यापासून ६० मीटरवरून गेली तर किनाऱ्याला जितकी लाट लागते, तितकीच लागायला वेक-सर्फिंगच्या बोटीला सुमारे १५० मीटर लांब राहावं लागतं. किनारा पोखरणारी लाट पेट्रोलने उठवली की विजेने, हे किनाऱ्याला कळत नाही. म्हणून "इलेक्ट्रिक आहे म्हणजे सरोवराला त्रास नाही" असं कुणी सांगितलं तर अर्धंच खरं माना.

चार्जर आणि पैसे

अमेरिकेतल्या धक्क्यांवर बोटींसाठी विजेचे खांब असतात. त्यातला ३० अँपिअर, १२० व्होल्टचा साधा खांब ३.६ किलोवॅट देतो. सत्तर युनिटची बॅटरी भरायला त्यावर वीस तास लागतील. ५० अँपिअर, २४० व्होल्टचा खांब बारा किलोवॅट देतो, सहा तास. गाड्यांसारखा जलद चार्जर तासाभरात काम उरकेल, पण तो पाण्याच्या काठी हवा आणि त्याला पुरेल अशी विजेची लाइन तिथवर यायला हवी. सरोवरं मुळात अशी लाइन नसलेल्या जागी असतात, हीच तर त्यांची मजा.

पैशाचं गणित काही गृहीतकांवर मांडते. आकडे तुमचे टाकून बघा. बोट वर्षाला १०० तास चालली, तासाला सरासरी १५ लिटर पेट्रोल गेलं, लिटर एक डॉलरला धरलं तर खर्च १,५०० डॉलर. तेवढ्याच कामाला वीज लागेल ४,००० युनिट, सोळा सेंटच्या दराने ६४० डॉलर. वाचले वर्षाला साडेआठशे. बॅटरी युनिटमागे ४०० डॉलरला पडली तर सत्तर युनिटचे झाले २८,००० डॉलर. तेल बदलणं, हिवाळ्याआधी इंजिन कोरडं करणं हे वाचलेले खर्च धरले तरी घरगुती मालकाचे पैसे वीस-पंचवीस वर्षांत सुटत नाहीत. तीच बोट वॉटर-स्कीच्या शाळेत वर्षाला ७०० तास चालली तर वर्षाला सहा हजार डॉलर वाचतात आणि पाचेक वर्षांत हिशेब जुळतो. शाळेचं वेळापत्रकही सोयीचं: सकाळी दोन-तीन तास पाणी शांत असताना, मग दुपारी वारा सुटला की चार्जिंग, संध्याकाळी पुन्हा.

बॅटरी नसलेलं उत्तर

वर आपण पाहिलं की बहुतेक ताकद बोटच खाते. मग बोटच काढून टाकली तर? जर्मन अभियंता ब्रुनो रिक्सन यांनी १९६० च्या आसपास नेमकं हेच केलं. तळ्याभोवती खांब, खांबांवरून फिरणारी पोलादी दोरी, आणि ती फिरवायला काठावर एक विजेची मोटर. एकाच दोरीवर आठ-दहा जण एकामागून एक. ताशी ३० किलोमीटरला एका माणसाला ओढायला साधारण दोन किलोवॅट लागतात. म्हणजे दहा जणांना वीस किलोवॅट, वर दोरी आणि चाकांचं घर्षण. आपली बोट एका माणसासाठी सत्तर किलोवॅट मागत होती.

युरोपात असे केबल-पार्क भरपूर आहेत आणि केबलच्या स्वतंत्र जागतिक स्पर्धाही होतात. अर्थात बोटीची मजा त्यात नाही. मार्ग ठरलेला, ओढ वरून येणारी, आणि बोटीमागची लाट नसल्यामुळे लाटेवरचे खेळ बाद. पण शिकणाऱ्याला, किंवा एखाद्या गावाला आपल्या तळ्यावर कमी खर्चात हा खेळ आणायचा असेल तर, साठ वर्षं सिद्ध झालेलं हे इलेक्ट्रिक वॉटर-स्की आहे. बॅटरीच्या जाहिरातींत त्याचं नाव येत नाही एवढंच.

तर पुन्हा कुणी विचारलं की बॅटरीवर स्की-बोट चालेल का, तर त्यांना आधी तीन प्रश्न विचारा. पूर्ण जोर सलग किती मिनिटं हवा? दोन जोरांमध्ये विश्रांती किती? आणि धक्क्यावरचा खांब किती किलोवॅटचा? स्लालमचा क्लब, दुपारची सुट्टी आणि बारा किलोवॅटचा खांब असेल तर आजच्या बॅटरीवर जमतं. दिवसभर मित्रमंडळी घेऊन सर्फिंग करायचं असेल आणि धक्क्यावर साधा खांब असेल, तर आणखी काही वर्षं आमच्यासारख्यांना प्रयोगशाळेत घासू द्या.